रस्त्याकडची भिंत

"ए पेंटर, थांब! उतर खाली!" बाबा असे ओरडले की तिकडे अंबाडी नाक्यावर एसटीने ब्रेक मारला असणार.

परवा वळ गावच्या गोदामात तेलरंगाचा डबा सांडला, आणि त्या वासासरशी मी दिघाशीच्या आमच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. फुकटात रंग मिळतोय म्हणून बाबांनी दंतमंजनाच्या कंपनीला भिंत दिली होती. त्यांच्या मनात मागची भिंत होती. पण जाहिरातीला रस्ता लागतो. बाबा संध्याकाळी शेतावरून येईपर्यंत पेंटरने दर्शनी भिंतीवरच दात काढले, एकेक दात आमच्या दरवाज्याएवढा! त्या दातांखाली ताईच्या लग्नात गणपतीशेजारी रंगवलेलं तिचं नाव गेलं. ताई पहिल्या बाळंतपणातच वारली होती. दुसरीकडे कुठे तिचं नाव लिहिलेलं नव्हतं.

आता मी दिवसभर खोक्यांवर कंपन्यांची नावं चिकटवतो. काही वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं. मी ते दात बघत नुसता उभा होतो.

"पुस ते," बाबा म्हणाले. "खाली माझ्या पोरीचं नाव हाय."

पेंटरने भिंतीला बोट लावून पाहिलं.

"वाळलाय, काका. आता न्हाय निघत."