गोटीरामने वीणा दिली नाही तेव्हा

गोटीरामविषयी लिहावं इतका मी त्याला ओळखत नव्हतो. त्याच्या घरी मी चहासुद्धा फारसा घेतला नाही. तो मनात काय बोलायचा, मला ठाऊक नाही. नाशिकच्या कडेला, जिथे इमारती संपून झेंडूचे वाफे सुरू होतात, तिथे आमचं गाव आहे. तो फुलं पिकवायचा. मी देवळाली कॅम्पात फौजी कपडे शिवले आणि म्हातारपणी परत आलो. शिलाईमुळे गाव मला मास्तर म्हणतं. आमची गाठ पडायची ती मारुतीच्या देवळातल्या हरिनाम सप्ताहात. तो वीणा धरायचा, मी शेजारी टाळ. आमची ओळख ती एवढीच.

सप्ताहात वीणा एकदा उभी राहिली की शेवटच्या दिवसापर्यंत खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. देवळात येणारा माणूस कितीही मोठा असला तरी आधी वीणेकऱ्याच्या पायांना हात लावतो. गोटीराम हे सगळं फार मनापासून पाळायचा. वीणा गळ्यात पडली की तो खाली बघत असा हळूहळू डुलायचा, जणू त्याच्या पायांखालची फरशी वाहते आहे.

त्याच्यानंतरचा पहारा कायम वाळूचा. दोघांचे मळे लागून. त्या वर्षी वाळूच्या मुलीने, निकिताने, लग्न केलं. ती शहरात नर्स आहे. मुलगा कळवणकडचा, जात दुसरी. सप्ताह कमिटीचा प्रमुख पुंजाराम, भावकीतला वजनदार माणूस. त्याने बैठक घेऊन सांगून टाकलं, वाळूच्या घरी कुणी जायचं नाही, त्याला कशात बोलवायचं नाही. मग गिरणीवाला वाळूचं दळण घेईना. फुलं बाजारात नेणारा टेम्पो त्याच्या बांधाशी थांबेना. सप्ताहातला त्याचा पहारा पुंजारामने स्वतःकडे घेतला.

त्या दुपारी मांडव सगळा पिवळा झाला होता. ऊन पिवळ्या कापडातून गाळून खाली येत होतं आणि माणसांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसत होते. जेवून आलेले लोक खांबांना टेकून पेंगत होते. उदबत्तीचा धूर जागचा हलत नव्हता. वीणेची तार आणि माझे टाळ, बाकी आवाज नाही. मला वाटत होतं, आपण सगळे संथ पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वर कुणीतरी रामकृष्णहरी म्हणतंय.

पुंजाराम पाय धुऊन आला. टोपी सारखी करून गोटीरामच्या पाया पडायला वाकला. गोटीराम मागे सरकला.

"काय रे?"

"माझ्यानंतर वाळू घेतो," गोटीराम म्हणाला.

"यंदा मी हाय."

"वाळूला बोलवा."

हे त्याने नामाच्याच सुरात म्हटलं. तार थांबली नाही. अर्ध्या लोकांना कळलंही नाही.

पुंजाराम हसला. "ऊन लागलं काय तुला? दे इकडं. पहारा संपला तुझा."

"संपला. घेणारा आला नाय अजून."

आता पेंगणारे सावरून बसले. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, देवाच्या कामात भांडण नको."

"देवाच्याच कामात उभा हाय," गोटीराम म्हणाला आणि पुन्हा खाली बघून डुलायला लागला.

वीणा ओढून तर घेता येत नव्हती. तसं कुणी कधी केलेलं नव्हतं. पुंजारामचा हात अर्धा पुढे आलेला तसाच राहिला.

बायकांच्या बाजूने गोटीरामची बायको कलाबाई उठली. "अहो, त्या गुडघ्यांना तेल मलाच चोळावं लागतं!"

"मग तापव," गोटीराम म्हणाला. बायका हसल्या.

"हे उभे राहतील, पण जागचे हलायचे नाय. मीच आणते वाळूभाऊजींना." आणि जाता जाता पुंजारामला, "दाजी, तुम्ही बसून घ्या. उगाच पाय दुखतील."

ती गेली. गोटीरामचा गुडघा धोतराआड थरथरत होता. मी टाळ वाजवत राहिलो. ते थांबले तर तो पडेल, असं मला उगाच वाटत होतं. पिवळं ऊन हळूहळू त्याच्या छातीवरून गळ्याकडे चढत गेलं.

कलाबाईच्या मागून वाळू आला. हाताला माती तशीच. मांडवाच्या कडेला थांबला, आत पाऊल टाकेना. मग गोटीराम तार छेडत, पाऊल पाऊल टाकत कडेपर्यंत गेला आणि आधी तोच वाकला.

"भाऊ, पाय धुतले नाय मी," वाळू म्हणाला.

"धुतले असं समजून पडलो."

वीणा वाळूच्या गळ्यात गेली आणि गोटीराम तिथेच खाली बसला. बसला म्हणण्यापेक्षा घसरला.

संध्याकाळी हरिपाठाला लोक यायला लागले. आल्याआल्या सवयीने जो तो वीणेकऱ्याच्या पायांशी वाकत होता. पाय कुणाचे हे काहींच्या लक्षात यायचं, पण तोवर वाकून झालेलं असायचं. प्रत्येक वेळी वाळू दचकत होता.

पुंजाराम मागच्या बाजूने निघून गेला. पुढे तो गोटीरामशी बोलला नाही, आणि इतकी वर्षं त्याच्याकडून येणारे देवळाचे हार दुसऱ्याकडून यायला लागले. पण ज्यांनी वाळूचे पाय धरले होते, त्यांना रस्त्यात त्याच्याकडे पाठ फिरवणं जड जाऊ लागलं. गिरणीत त्याचा डबा पुन्हा रांगेत दिसला. टेम्पोही थांबू लागला. गोटीरामने हे सगळं ओळखून केलं, की पाळी वाळूची आहे एवढंच त्याच्या मनात होतं? मला सांगता येत नाही. मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षीच्या सप्ताहानंतर, दिवाळी झाल्यावर गोटीराम वारला. त्या सप्ताहाच्या शेवटच्या पंगतीत तो माझ्या शेजारी होता. निकिता आणि तिचा नवरा पत्रावळ्या हातात घेऊन उभे होते, कुठे बसावं ते त्यांना कळत नव्हतं.

"मास्तर, जरा सरका. पाव्हण्यांना बसायचंय."

"या की, हाय जागा," मी म्हणालो.

दोघं बसली. गोटीरामने माझ्या पानाकडे पाहिलं.

"तुम्हाला बुंदी वाढली का?"

"वाढली," मी म्हणालो.