फ्रीझर माझा, मासे त्याचे

"किचनमध्ये नको गं, गॅरेजमध्ये बस," मानसीवहिनी म्हणाल्या आणि माशांची बादली पायानंच माझ्याकडे सरकवली. "तुला सवय असेल ना."

सवय. मी नागपूरला इंजिनिअरिंग करून अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत आलेले. यांचा नवरा विवेक ज्या ऑफिसात, त्याच ऑफिसात मी. तो पुण्याचा, माझा टीम लीड. पण माझ्या बापाचा धंदा यांना कळला होता. आम्ही भंडाऱ्याकडचे ढिवर, तळ्यात जाळं टाकणारे. एकदा गप्पांच्या ओघात मीच सांगून बसले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

तेव्हापासून दर शनिवारी फोन. विवेकला गळ टाकायचा भारी शौक. खायचाही. साफ करायची मात्र किळस. मी गॅरेजमध्ये पेपर पसरून खवले काढायचे. आत सगळे हसतखिदळत जेवायचे, स्टीलच्या ताटांत. माझं ताट दारातून यायचं. कागदी. मी खायचे. आज आठवलं की अंगाची लाहीलाही होते, पण खायचे. कारण माझ्या ग्रीन कार्डच्या फाइलला लीडचं पत्र लागणार होतं, आणि लीड विवेक होता.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात त्याची आई आली. कडक सोवळं. घरात अंडंसुद्धा बंद. विवेकचा शौक काही सुटेना. मग मासे माझ्या अपार्टमेंटमधल्या फ्रीझरमध्ये. "तुझ्याकडे राहू दे, आई गेली की नेतो." पिशवीवर पिशवी. माझ्या भाजीला जागा उरली नाही.

त्याच वर्षी क्रॅपी माशाचा नियम बदलला. माणशी पंधरा ठेवता यायचे, ते दहा झाले. घरच्या फ्रीझरमधले मासेही त्या दहातच धरायचे. मी नियमांची पुस्तिका वाचून विवेकला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, कोण मोजतंय? आपलेच तर आहेत." मासे धरायचं लायसन्सही फक्त माझ्याकडे होतं. "एक आहे ना ग्रुपमध्ये? बास झालं." रेशनकार्डावर अख्खं घर जेवतं, तसं वाटलं असेल त्याला.

एका शनिवारी सकाळी आम्ही दोघं तळ्यावर असताना मासेमारी तपासणारा अधिकारी आला. तो लांबून दिसताच विवेकनं स्वतःचा गळ माझ्या हातात कोंबला. बादलीत चौदा क्रॅपी. अधिकाऱ्यानं लायसन्स मागितलं, मी माझं दाखवलं.

विवेक इंग्रजीत म्हणाला, "सगळे मासे हिचे. मी नुसता सोबत आलोय."

घरी आणखी आहेत का, अधिकाऱ्यानं विचारलं.

"हो. हिच्या फ्रीझरमध्ये भरलेत." मग चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून मराठीत, माझ्याकडे न बघता, "हो म्हण. तुमच्या लोकांचं कामच आहे हे, कुणाला नवल वाटणार नाही. तुझं पत्र अजून माझ्याकडे आहे."

आमच्या तळ्याचा ठेकेदार बापाशी असाच बोलायचा. बाप खाली मान घालून हो म्हणायचा. माझीही मान खाली जात होती. ती जातेय हे मला कळलं. लाज वाटली, आणि मग नुसता संताप.

मी अधिकाऱ्याला म्हणाले, "गळ याचा आहे. हे चौदा यानंच धरलेत. याच्याकडे लायसन्स नाही. फ्रीझर माझा, मासे याचे. पण ठेवले मी. त्याचा दंड माझ्या नावावर लिहा. याचा मी घेणार नाही."

दोघांच्या नावानं दंड लिहिला. गाडीत विवेक म्हणाला, "शेवटी जात दाखवलीस." मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेनं चालत घरी आले. दुपारी अधिकारी आला, पिशव्या मोजून घेऊन गेला.

पत्र काही आलं नाही. मी साफ केलेले मासे बोटं चाटून खाणाऱ्यांनी गणपतीलासुद्धा बोलावलं नाही. व्हिसाचं शेवटचं वर्ष चालू होतं. रात्र रात्र झोप नाही. एक दिवस विवेकनं केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"सॉरी म्हण, आज सही करतो. आणि शनिवारी ये. पाहुणे आहेत, मासे भरपूर आहेत."

मी उठले. दार सताड उघडलं. बाहेर सगळे बसलेले. मी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या पत्रावर सही हवी तर तुझ्या घरी येऊन मासे कापायचे. हेच म्हणालास ना? पुन्हा म्हण."

त्यानं माझं पत्र ड्रॉवरमध्ये सारलं. सही केली नाही.

नको त्याची सही. परत जावं लागलं तर जाईन. पण गुपचूप जाणार नाही. जागेवर येऊन कंपनीच्या वरच्या साहेबांना पत्र लिहायला घेतलं. गॅरेज, शनिवार, फ्रीझर, सगळं लिहायचं होतं. पहिलं विवेकचं नाव लिहिलं, आडनावासकट.