अक्का उन्हानं गेली नाही

अक्का उन्हानं गेली नाही.

आज दुपारी आमच्याकडं जेवायला येणाऱ्या प्रत्येकानं हे आधी वाचावं, मग यावं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आज तिला जाऊन वर्ष झालं. एका सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात, पंख्याखाली, कणीक मळता मळता खाली बसली आणि उठलीच नाही.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. उन्हाचा, चालण्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

पण आमच्या पाहुण्यांना डॉक्टरपेक्षा जास्त कळतं.

"पोरांना घेऊन रानोमाळ हिंडायची की. बाधलं ऊन."

तेराव्याला हे वाक्य आमच्या हॉलमध्ये चहाबरोबर फिरत होतं. आणि तिथंच भिंतीला टेकून तिची गौरी बसली होती. आठ वर्षांची.

तेव्हापासून गौरी शाळा सोडली तर कुठंच जात नाही. खाली खेळायलासुद्धा नाही.

आता हे हिंडणं सुरू कसं झालं ते सांगते.

माझी धाकटी पाच महिन्यांची होती, मुलगा चार वर्षांचा. जुळे सोलापुरात तिसरा मजला. सासूबाईंचं एकच, बाळाला वारं लागेल, ऊन लागेल, दृष्ट लागेल.

मिस्टर कामाला चिंचोळी एमआयडीसीत. सुट्टीला मित्रांबरोबर ट्रेक. गडावरून फोटो यायचा, खाली 'फीलिंग फ्री'. मी बाळाला मांडीवर घेऊन तो लाईक करायची.

खरं सांगते, मी कोंडून गेले होते. दुपारी गॅलरीच्या जाळीला कपाळ लावून उभी राहायची. बाळ रडायला लागलं की मी पण रडायची.

एकदा अक्कानं बघितलं.

"काय करायलीस?"

"काही नाही."

"रडायलीस की."

अक्का अक्कलकोटकडची. माहेरी सगळे कन्नड बोलणारे. शेतात आईच्या पाठीवर वाढलेली. संध्याकाळी सासूबाईंना सरळ म्हणाली, "आई, मी नवस बोललेय. बाळाला सुखी ठेव, अकरा रविवार सगळी लेकरं घेऊन चालत म्हसोबाला येते म्हणून."

नवस म्हटल्यावर सासूबाई काय बोलणार? नवस मोडा म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

भांडी घासताना मी हळूच विचारलं, "अक्का, कधी बोललीस नवस?"

"आत्ताच की. तुझ्यासमोर."

झालं. रविवारी उजाडायच्या आत रिक्षानं होटगी, आणि पुढं माळावरून पायी. अक्कानं आपली जुनी इरकल साडी फाडून झोळी केली होती. बाळाला माझ्या पाठीला बांधलं, गाठ दोनदा ओढून बघितली.

"नडी," म्हणाली. कन्नडमध्ये चल.

मोठं माणूस बघता बघता म्हसोबापर्यंत पोचेल. आम्हाला सगळी सकाळ लागायची. कारण अक्काचा नियम होता, सगळ्यात लहान पाय पुढं. म्हणजे माझा मुलगा पुढं आणि आम्ही मागं. तो शेणकिड्यापाशी बसला की सगळे बसायचे. बाळाला भूक लागली की बाभळीखाली चादर, तिथंच दूध पाजायचं. आमची न्याहारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

आणि उन्हाला सगळ्यात जास्त तीच भ्यायची! सावली आखूड व्हायला लागली की म्हसोबा दिसत असला तरी माघारी फिरवायची. कितीतरी रविवारी आमचं दर्शन लांबूनच झालं.

अकरा रविवार संपले. मी हादरले. आता परत ती जाळी.

अक्का सासूबाईंना म्हणाली, "आई, बाळाची तब्येत बघा की. अजून एकवीस करते म्हणलं म्हसोबाला."

सासूबाईंनी वर नारळ दिला.

पुढं तर कुणी मोजलंच नाही. आठवडाभर मी त्या एका सकाळच्या जोरावर दिवस काढायची.

शेवटच्या रविवारी गौरीनं हट्ट धरला, आज तळ्यापर्यंत जाऊ, पक्षी आलेत. गेलो. घरी यायला थोडा उशीर झाला. दुसऱ्या दिवशी अक्का गेली.

आमचं चालणं त्याच दिवशी बंद झालं. कुणी बंद करा असं म्हणालं नाही. नवस बोलणारीच राहिली नाही.

परवा गौरी माझ्याजवळ येऊन बसली.

"काकू, मी तळ्याचा हट्ट केला नसता तर आई राहिली असती ना?"

एक वर्ष. एक वर्ष ही पोर एवढं घेऊन आमच्यात जेवत होती, झोपत होती, शाळेत जात होती.

मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, रक्तवाहिनी म्हणजे काय, आई घरात बसून राहिली असती तरी हेच झालं असतं. तिनं नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "खरं असेल तर तू आम्हाला का नेत नाहीस?"

सासूबाई नको म्हणतात. मिस्टर म्हणतात, जरा थांब, लोक काय म्हणतील. सगळं तोंडाशी आलं, पण त्या लेकराला सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आपण सगळे घरात बसलो, म्हणजे पाहुणे म्हणतात तेच खरं असणार, असं तिनं धरलं होतं.

म्हणून जाहीर लिहिते. या रविवारी मी तिघांना घेऊन माळावर चाललेय. नवस नाही. फिरायला.

आई, नातवंडांचे फोटो बघायला तुम्ही फेसबुक उघडता, तेव्हा हेही वाचाल. रागवायचं तर मला रागवा, गौरीसमोर नको.

आणि पाहुण्यांनो, या, पोटभर जेवा, अक्काच्या फोटोला हार घाला. फक्त ते उन्हाचं वाक्य त्या पोरीच्या कानावर पुन्हा घालू नका. हात जोडते.

काल गौरीचे चालायचे बूट काढले. तिला होत नाहीत आता. संध्याकाळी नवीन आणायला जातोय.

अक्का, मोठे शब्द मला जमत नाहीत. तुझी लई आठवण येते गं.