गवताखालचे रूळ

पुण्याहून निघाले ती हरीदादाच्या एका फोनवर. "उद्या मोजणी हाय. तुज्या बापाचा मालधक्का नकाशात नायच म्हणतात. येतेस का गं?" गुडघे दुखतात हे सांगायचंही राहून गेलं.

घाट उतरून कर्जतला आले. छत्री गाडीतच विसरले, म्हणजे प्रवास रीतसर सुरू झाला! स्टेशनबाहेर गरम वडापाव खाल्ला. जिकडेतिकडे नवे टॉवर, आणि त्यांच्यासाठी सिमेंट-रेतीचे ट्रक. रस्ता ओलांडता ओलांडता नाकी नऊ आले.

माझे वडील इथल्या मालधक्क्यावर, जिथे वॅगनमध्ये माल चढतो-उतरतो तिथे, मालबाबू म्हणजे पावत्या फाडणारे कारकून होते. जवळच्या कडाव गावचे शेतकरी गवताच्या गासड्या (दाबून आवळलेले भारे) आणत आणि त्या वॅगनमधून मुंबईच्या तबेल्यांना जात. हरीदादा त्यातलाच. कडावचा माल ओळखू यावा म्हणून त्याच्या गावची गाठ डाव्या हाताने मारलेली असे. बाबा प्रत्येक गाठ ओढून बघत, मगच पावती फाडत. काय सुखाचे दिवस होते ते!

हरीदादा आता ऐंशीला टेकलाय. त्याचं म्हणणं साधं: बंद पडलेला धक्का पुन्हा सुरू करा, घरांचं सिमेंट वॅगननं येऊ दे, आमचा तांदूळ, भाजी वॅगननं जाऊ दे, रस्ता माणसांना राहू दे. पण स्टेशनच्या नव्या आराखड्यात धक्क्याच्या जागी होतं मोटारींचं पार्किंग. मोजणीच्या बाई नम्रपणे म्हणाल्या, रूळ कधीच उखडले असणार, जागा मोकळीच आहे. खरं सांगते, मलाही कमरेएवढं गवतच दिसलं.

हरीदादानं वाद घातला नाही. कमरेचा विळा काढला आणि उकिडवा बसून कापायला लागला. मी गुडघ्यांना शिव्या देत भारे बाजूला ओढत राहिले. तासाभरात गंजलेला रूळ दिसला, मग दुसरा. बाई खाली वाकल्या, रुळावर हात ठेवला.

"हे अजून आहेत?"

"आमीच कापायचं सोडलं, बाई," हरीदादा म्हणाला. "रूळ कुटं जाणार?"

बाईंनी 'मोकळी जागा' खोडून 'मालधक्का' लिहिलं. पुढचं वरचे ठरवतील, हेही सांगितलं.

निघताना हरीदादानं त्याच गवताची लहानशी गासडी बांधून माझ्या हातात दिली. गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, घरी गाय आहे का? नाही म्हटलं. घाटात एक मालगाडी शेजारून गेली, लहानपणी मोजायचे तसे डबे मोजायलाच मी विसरले. त्या वाढलेल्या गवतात माझाही वाटा होता, इतकी वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते.

पुण्यात उतरण्याआधी गासडीची गाठ बाबांसारखी ओढून पाहिली. घट्ट होती.