पश्चिमेची भिंत

देवासला आम्हा दोघा भावांची घरं एकाच प्लॉटवर आहेत. माझी भिंत संपते तिथून दादाचं अंगण सुरू होतं. दादा कारखान्यात पगारदार. मी कन्नौद, बागलीच्या बाजारांत नळाच्या तोट्या विकत विकत दुकान उभं केलं. घासाघीस मला कुणी शिकवायला नको.

त्या भिंतीला बाहेरून प्लास्टर नव्हतं आणि पावसाचा सगळा मारा तिच्यावरच. आतल्या खोलीत आई झोपायची. श्रावणात उशाशी भिंत पाझरायची, तिचा खोकला थांबायचा नाही. मी बाहेरून सिमेंटचे बोर्ड लावायचं ठरवलं. ठेकेदार भिंतीवर हात फिरवून म्हणाला, "भिया, बोर्ड तो कल ठोक दूँ. पर पीछे पानी बैठा तो दीवार अंदर ही अंदर सड़ेगी." आधी भेगा भरायच्या, प्लास्टर, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मग बोर्ड. पण परांची बांधायची तर दादाच्या अंगणातच.

दादा स्कूटर पुसत होता.

"थोडे दिवस बांबू उभे राहतील."

"नाही राहणार."

"तुझ्या कंपाउंडलाही रंग काढून देतो."

"भावाशी बोलतोयस की गिऱ्हाइकाशी?"

माझं डोकं फिरलं. "आई तिथे खोकून खोकून अर्धी झालीय, आणि तुला अंगणाचं पडलंय?"

"मग ती खिडकी बुजव," तो फडकं पिळत म्हणाला. "माझ्या अंगणावर काढलीस तेव्हा विचारलं होतंस?"

त्या खिडकीशी आई बसायची. वहिनी कपडे वाळत घालायला आली की दोघींचं सुरू: भाजी काय केली, हळदीकुंकू कुणाकडे, धारच्या मावशीचे गुडघे. पण खिडकी म्हणजे पाणी शिरायला आणखी एक वाट. ती देऊन परांची मिळत असेल तर सौदा स्वस्तच. आईला विचारायचं काय त्यात? चाललं होतं तिच्यासाठीच.

काम चोख करून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात भिंतीने थेंब घेतला नाही. खोकलाही गेला.

"दिवसाढवळ्या दिवा लावून बसू का रे मी?" आई म्हणाली. मी मोठी ट्यूब लावली, टीव्ही आणला. एका दुपारी दुकानातून जेवायला आलो तर वहिनी आईचं अंथरूण उचलून नेत होती.

"चार दिवस राहू द्या हो भाऊजी. करमत नाही त्यांना."

ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. दादाने हे ठरवूनच केलं, असं मी आजही म्हणतो. बायको म्हणते, "अट तर तुम्हीच मान्य केलीत." तिच्याशीही मी त्यावरून भांडलोय.

वाटणीत देव माझ्याकडे आले, म्हणून आई रोज सकाळी येते. पूजा करते, नैवेद्याची वाटी माझ्या हातात देते.

"खोली कोरडी ठणठणीत आहे, आई."

"हो रे. छान केलीस," म्हणते आणि चपला शोधू लागते.