ब्लाऊजमधली माया

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज नेमकी माझ्याकडे आली. डोकं तापलेलंच आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

घाबरण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्यापासून माझी छाती धडधडत नाही, पण तोंडाला कोरड पडते आणि अंग सुटत चाललंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज दुपारी धाकट्या जावेला, शोभाला, घेऊन गांधीबागेतल्या टेलरकडे गेले. दोघींची ब्लाऊजं त्यानेच दिवाळीला शिवलेली. आता माझं सैल करायचं होतं आणि तिचं आत घ्यायचं होतं. बघा माझं नशीब!

टेलरने माझं ब्लाऊज उलटं करून शिवण चाचपली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, माया तर संपली. आता काय उसवू?" मग शोभाचं पाहून म्हणाला, "यांच्यात भरपूर माया आहे."

शिवणीतल्या जादा कापडाबद्दलच बोलत होता तो, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर येताच शोभावर ओरडले, "दोन्ही वेळा माझ्याच हातचं खातेस, तुले काहून अंगी लागत नाही वं?"

ती हळूच म्हणाली, "ताई, घास उतरतच नाही. तुमच्यासारखंच धडधडते मले. पण मले कोण नेते डॉक्टरकडे?"

उद्या मीच नेणार आहे तिला. पण खरं सांगू? तिलाही याच गोळ्या देतील, मग तीही फुगेल, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

मैत्रिणींनो, माया फक्त माझ्या ब्लाऊजमधलीच संपली ना?