शमशूचाचाचं लिंबू

कोल्हापुरात नळ बसवणारे पैशाला पासरी मिळतील, पण जमिनीखालची लाईन टाकून झाली की तिच्यात लिंबू सोडणारा गडी एकच, फुलेवाडीचा शमशुद्दीन. सगळे त्याला शमशूचाचा म्हणतात. पाईप जोडून झाले की चाचा खिशातून लिंबू काढणार, वरच्या टोकाला ठेवणार, मागून बादलीभर पाणी ओतणार आणि पळत खालच्या चेंबरपाशी जाऊन उकिडवा बसणार. लिंबू सुळकन हातात आलं की उतार बरोबर, ढकला माती. नाही आलं तर उखडा सगळं, मग घरमालक कितीही बोंबलू दे. बायकांना वाटायचं, चाचा घराची नजर काढतोय. चाचानंही हा गैरसमज कधी दूर केला नाही, कारण त्यापायी चहाबरोबर चिवडाही यायचा.

दुसरा एक हट्ट म्हणजे, संडासाची लाईन आणि न्हाणीघराची लाईन हा माणूस कधी एकत्र करायचा नाही. पाईप जास्त लागतो म्हणून लोक कुरकुरायचे. "लागू दे की!" एवढंच उत्तर. आणि वर मिशीला हात. "माझी लाईन उताराला चुकली, तर ही मिशी काढून टाकीन."

चाचाची लेक सबिना. डिप्लोमा केला आणि नोकरी शोधायची सोडून तिनं एक कॅमेरा घेतला. लांबलचक केबल, टोकाला सुपारीएवढा कॅमेरा, त्याच्याभोवती दिवे आणि पेटीत एक स्क्रीन. केबल पायपात ढकलायची, आत काय अडकलंय ते बाहेर बसून बघायचं. फोडाफोडी नाही की अंदाज नाही. सुरुवातीला चाचा फणफणला, "हातोडीनं टकटक केलं की मला कळतंय, त्याला शिनेमा कशाला?" पण पोरीनं दोन-चार घरांच्या फरशा वाचवल्या आणि फोन तिलाच यायला लागले. आता सबिना स्कूटर चालवते आणि चाचा मागं पेटी मांडीवर घेऊन बसतो. भेटेल त्याला सांगतो, "पायपाचा एक्स-रे काढती आमची पोरगी." सुखी माणूस हो!

एका रविवारी सकाळी राजवीर पाटलाचा फोन आला. "चाचा, न्हाणीघरातलं पाणी हॉलात शिरलंय. दुसरा प्लंबर आणलाता. तो म्हणतोय, हॉलखालचा उतारच चुकलाय, सगळी फरशी फोडायची. आवंदाच ग्रॅनाईट घातलंय वो! सबिनाला कॅमेरा घेऊन धाडता का?"

चाचाच्या हातातला चहा तसाच राहिला. कारण ती लाईन त्याचीच होती. आणि साऱ्या कोल्हापुरात तीच एक लाईन अशी, जिचं नाव निघालं की तो विषय बदलायचा.

स्कूटरवर त्यानं लेकीला सांगूनच टाकलं. "तेवीस वर्सं झाली. पाटलांचं घर बांधाय चालू होतं. लिंबू सोडलं, पाणी ओतलं, चेंबरकडं निघालो, आणि दवाखान्यातनं माणूस आला, मुलगी झाली म्हणून. मी तसाच पळालो. दुसऱ्या दिवशी जिलबी घेऊन आलो, तर गवंड्यानं माती ढकलून वर कोबासुद्धा करून टाकलाता. लिंबू आलं का न्हाय, कुणी बघितलंच न्हाय. उखडा म्हणायला पायजे होतं. म्हटलं न्हाय."

"म्हंजे माझ्यापायी?"

"तुझ्यापायी न्हाय. माझी जीभ उचलली न्हाय म्हणून."

सबिनानं स्कूटरचा वेग कमी केला. मग म्हणाली, "अब्बा, कॅमेऱ्यात जे दिसंल ते मी सांगणार. तुमची चूक असली तरी."

"सांगायचंच. म्हणून तर संगं आलोय."

राजवीरची आई, बयाबाई, दारातच उभी होती. "या शमशूभाऊ. तुमच्या लाइनीला कसली दृष्ट लागली म्हणायची!" चाचाला ते बोलणं जास्तच लागलं. सबिनानं पुढच्या चेंबरचं झाकण उचललं आणि केबल आत ढकलायला सुरुवात केली. लाईन मागच्या परसाकडच्या न्हाणीघरातनं निघून हॉलखालनं या चेंबरात येत होती, म्हणजे कॅमेरा उलटा वर चढत होता. स्क्रीनवर गोल, ओलसर पाईप. राजवीर डोळे फाडून बघत होता. चाचा मात्र भिंतीकडं तोंड करून उभा.

"हॉल चालू झाला," सबिना म्हणाली. "पहिला जोड चांगला हाय. दुसराबी चांगला." जरा वेळानं म्हणाली, "अब्बा, हिकडं बघा. उतार एकसारखा हाय. कुठं पाणी थांबल्याची खूण न्हाय."

चाचा वळला. तेवढ्यात हॉलच्या मागच्या कोपऱ्यातल्या वळणावर केबल अडली. समोर पांढुरकी, घट्ट माती. तिच्यात केस, साबणाचा चिकटा आणि मधेच काहीतरी लाल, हिरवं लखलखलं.

"काय हाय ते?" राजवीर म्हणाला.

बयाबाई पदर सावरत वाकली आणि तिनं एकदम तोंडावर हात घेतला. "अगं बाई! मुकुटाचं खडं! आमच्या गणपतीचं!"

मग सगळा उलगडा झाला. सात वर्षांपासून पाटलांच्या घरी शाडूचा गणपती येतो आणि विसर्जन घरातच बादलीत होतं. ते पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून बयाबाई दरवर्षी परसातल्या तुळशीच्या कट्ट्यात ओतायची. आणि तुळशीचं पाणी अंगणात पसरू नये म्हणून कट्ट्याला भोक पाडून ते न्हाणीघराच्या लाइनीला जोडून दिलं होतं कुणी? चाचानंच, बयाबाईच्याच सांगण्यावरनं. सात गणपतींची माती हळूहळू त्या वळणावर जाऊन बसली होती.

बयाबाईचा चेहरा उतरला. "देव गटारात घातला की वो मी!"

"न्हाय वैनी," चाचा ठासून म्हणाला. "ह्या लाइनीला संडास जोडलेला न्हाय. मी कधी जोडतच न्हाय. आंघोळीच्या पाण्यात हाय देव. आणि चूक निम्मी माझी हाय, भोकाला जाळी बसवाय पायजे होती. आज बसवतो."

मग त्यानं लिंबाची गोष्टही सांगितली, न लपवता. बयाबाई ऐकून खो खो हसली. "तेवीस वर्सं मनात ठेवलासा? खुळं हाय का काय हे माणूस!"

माती गटारात जाऊ नये म्हणून चाचानं चेंबरचं पुढचं तोंड गोणपाटानं बंद केलं. सबिनानं राजवीरच्या गाडी धुवायच्या मशीननं जोरात पाणी मारून माती सोडवली. आली तेवढी सगळी घमेल्यात भरून राजवीरनं परसातल्या जास्वंदीच्या बुडाला घातली आणि भोवतीनं विटा लावल्या, पाय पडू नये म्हणून. ग्रॅनाईटला ओरखडासुद्धा नाही.

तुळशीला जाळी बसली, गोणपाट निघालं. तरी चाचा घुटमळतच होता. शेवटी म्हणाला, "वैनी, एक लिंबू द्या."

सबिना लिंबू आणि बादली घेऊन मागं गेली. चाचा पुढच्या चेंबरपाशी उकिडवा बसला. गुडघे कुरकुरले, पण बसला. "सोडलं, अब्बा!" मागनं हाक आली. त्यानं पायपाच्या तोंडाशी ओंजळ धरली. पाणी आलं, फेस आला आणि पाठोपाठ लिंबू टप्पकन हातात येऊन बसलं.

"आलं!" चाचा असा ओरडला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. सबिना मागनं धावत आली, तर बापाचे डोळे भरलेले आणि मिशीत हसू मावत नव्हतं.

"टाका ते आता," बयाबाई म्हणाली, "दुसऱ्याचं सरबत करते."

चाचानं लिंबू सदऱ्याला पुसलं आणि खिशात घातलं. "तेवीस वर्सं वाट बघितली ह्या लिंबाची, वैनी. टाकतो व्हय?"